न मागता वाढलेलं

कुठलाही नवा प्रोग्राम समोर आला, की ते उजवा हात टेबलावरून एकदा आडवा फिरवायचे. टेबलावर धूळ असो वा नसो. पंगतीला बसल्यावर केळीच्या पानावर आपण पाणी शिंपडतो आणि तळव्याने ते निपटून टाकतो, तसा तो हात. मग चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणायचे, "हें न मागतां वाढायचें, कीं मागितल्यावर?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे जेवणाविषयीच बोलताहेत. साडेबारा वाजले होते आणि मला भूकही लागली होती. मी म्हटलं, "काही असेल ते वाढा." त्यावर ते इतके गंभीर झाले की माझी भूकच गेली.

कुंभकोणमला आम्ही चार वर्षं होतो. नवऱ्याची बदली झाली म्हणून गेलो आणि बदली झाली म्हणून निघालो. मी घरी बसून शाळेच्या मराठी पुस्तकांची मुद्रितं तपासायचे. काम तसं बिनआवाजाचं, पण ऐन वेळी लॅपटॉप बंद पडला की माझं तोंड बिनआवाजाचं राहत नाही. तर असा बंद पडलेला लॅपटॉप काखोटीला मारून मी तळ्याकाठच्या समयांच्या दुकानावरचा अरुंद जिना चढले. वरती संगणक दुरुस्त करणारे 'रायर' असतात, असं खाली सांगितलं होतं. खोलीत कोणी दिसेना. म्हणून मी लॅपटॉपलाच म्हटलं, "मेल्या, आजच मरायचं होतं तुला?"

रांगेने मांडलेल्या जुन्या मॉनिटरांच्या मागून आवाज आला, "मेला नाहीं, बाई. निजला आहे."

चार महिने मी नवऱ्याखेरीज कुणाच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं. मॉनिटरांमागून एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे राहिले. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, शर्टाच्या खिशात दोन स्क्रू ड्रायव्हर, साठी उलटलेली. तंजावरच्या दरबाराबरोबर ज्यांचे पूर्वज इकडे आले आणि इकडचेच झाले, अशा घराण्यातले ते. तमिळ लोक या सगळ्या रावांना रायरच म्हणतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांचं मराठी मात्र फार पूर्वी घर सोडून आलेलं आणि मागे वळून न बघितलेलं होतं. ते 'सगळं' म्हणत नसत, 'अवघें' म्हणत. विचारत नसत, पुसत. माझं मराठी ऐकून म्हणाले, "तुमच्या देशीं फार भरभर बोलतात. वाढपी घाईंत असल्यासारखे." मी त्यांना काका म्हणू लागले आणि ते मला बाई.

पूर्वी त्याच खोलीत त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. सरकारी परीक्षेला बसणाऱ्या मुली सकाळ-संध्याकाळ खडखडाट करायच्या. पुढे मुली यायच्या थांबल्या आणि लोक घरातले जुने, हळू चालणारे संगणक आणून ठेवू लागले, कारण टायपिंगच्या माणसाला यंत्रांतलं कळत असणार अशी सगळ्यांची समजूत होती. त्यांना काहीच कळत नव्हतं. ते शिकले. शिकता शिकता त्यांना लिनक्स सापडलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी अशी व्यवस्था, की ती कुणीही फुकट घ्यावी, आपल्याला हवी तशी मांडावी आणि पुढच्याला द्यावी. जगभर अशा शेकडो मांडण्या आहेत. काकांनी स्वतःची एक केली, दोन-चार पिढ्या जुन्या यंत्रांवरही चालेल अशी. नाव ठेवलं, पंगत.

पंगतीत कोणकोणते प्रोग्राम आधीपासून असावेत, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. तुम्हाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला होता. ते म्हणाले, "बाई, नवें यंत्र उघडणारा माणूस म्हणजे पाहुणा. पानावर आधींच ढीग वाढला तर तो दडपतो. कांहींच नसलें तर अवघडतो. कोठें काय आहे, तें त्यास न पुसतां कळावें."

भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी केळीचं पान काढलं होतं. मधोमध भाताच्या जागी लिहायचा प्रोग्राम, म्हणजे साधी वही. आमटीच्या जागी इंटरनेट बघायचा. कोशिंबिरीला गणकयंत्र, चटणीला चित्रं बघायचा, भाजीला गाणी ऐकायचा. पानाबाहेर एक मोठी टोपली, तिच्यात बाकी सगळं: मागितल्यावर. त्यांच्याकडे आलेल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने फोटो सजवायचा भलामोठा प्रोग्राम आधीपासूनच असावा म्हणून फार गळ घातली. काकांनी हात आडवा फिरवला आणि म्हणाले, "बासुंदी आहे ही. रोज वाढतात कां?"

मेनूमधली मराठी नावं मी लिहून द्यावीत, असं ठरलं. म्हणून दर शुक्रवारी दुपारी मी तिथे जायला लागले. त्या दुपारी मला अजून अर्धवट झोपेत दिसतात. खाली पितळेवर हातोडी पडायची, टण्‌, आणि पुढची पडेपर्यंत आपण थोडे झोपून उठल्यासारखं वाटायचं. समोरच्या तळ्यातलं ऊन उसळून छतावर यायचं आणि तिथे हलत राहायचं. त्याखाली सात-आठ जुने पडदे मंद निळे उजळलेले. आम्ही दोघं एका गणकयंत्रावरून तासभर वाद घालत असू, आणि तो तास कुठल्याच घड्याळात मोजला गेला नसेल असं मला वाटतं.

काकांनी लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण, अक्का, आणि ते असे दोघंच राहायचे. अक्कांना संगणकावर पत्ते खेळायचा नाद होता. एकदा काकांनी पत्ते पानावरून उचलून टोपलीत टाकले. दुसऱ्या दिवशी जेवायला बसले तर पानात लोणचं नाही. त्यांनी वर बघितलं. अक्का म्हणाल्या, "मागितलें तर देईन." तीन दिवस दोघांनीही मागितलं नाही. चौथ्या दिवशी पत्ते पानावर आले, लोणच्याच्याच जागी, आणि भिंतीवरच्या कागदावर तशी नोंद झाली.

याच अक्कांनी मला एक धडा दिला. त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवले, तृप्त झाले, आणि उठताना आपल्याकडची बाजू उचलून पान समोरच्या बाजूला मिटलं. अक्कांचा चेहरा उतरला. काका हळूच म्हणाले, "बाई, पान आपल्याकडे मिटावें. पलीकडे मिटतात तें दुःखाच्या जेवणाला." आपल्याकडे मिटलं म्हणजे, जेवण पोचलं, पुन्हा येईन. मी घाईघाईने पान उलट मिटायला गेले आणि रसम साडीवर सांडलं. अक्का हसल्या, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

पंगतीतली त्यांची सर्वांत विचित्र पद्धत अजून सांगायचीच आहे. लोकांनी टाकून दिलेली यंत्रं दुरुस्त करून, पंगत घालून, ते ज्यांना हवीत त्यांना देत. यंत्र दिल्यावर एका महिन्याने ते त्या घरी जायचे. कशाला? पानावर काय उरलं ते बघायला. कोणता प्रोग्राम उघडला गेला, कोणता एकदाही नाही, ते घरच्यांच्या परवानगीने बघून वहीत टिपायचे. घरोघर उरणारी गोष्ट पुढच्या वेळी पानावरून जायची. त्यांची आई पंगत उठल्यावर अशीच पानं बघत जायची म्हणे, कुणी काय टाकलं ते. त्यांना या पद्धतीचा अभिमान होता. "लोक तोंडानें खोटें बोलतात. पान बोलत नाहीं," म्हणायचे.

फक्त एका ठिकाणी ते लबाडी करत. ईमेलचा प्रोग्राम घरोघर उरायचा, सगळे फोनवरूनच बोलतात. मी वही दाखवून म्हटलं, "काका, हे टपाल काढा की." ते म्हणाले, "तें तूप आहे. थेंबभर असावें." मी पुष्कळ वाद घातला. त्यांनी ऐकू येत नसल्यासारखं केलं.

आता जे सांगायचं आहे त्यात माझा हात आहे.

पंगतीच्या पहिल्या मांडणीत पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. मूळ लिनक्समधून आलेला. दोन-तीन कळा एकदम दाबल्या गेल्या की तो जागा व्हायचा. माझ्या लॅपटॉपवरही काकांनी पंगतच घातली होती. माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या, दुपारच्या आडव्या झाल्या होत्या. माझ्या हातून त्या कळा दाबल्या गेल्या आणि एक सपाट पुरुषी आवाज सुरू झाला, "खिडकी. बटण. बटण. वही." मी बंद करायला धडपडते आहे आणि तो माझी प्रत्येक धडपड वाचून दाखवतो आहे. आतून सासूबाई म्हणाल्या, "कोण आलंय गं? चहा ठेवू का?"

शुक्रवारी मी तणतणत गेले. म्हटलं, "ते बोलणारं भूत आधी काढा."

काका म्हणाले, "कोणास तरी लागत असेल."

"लागलं तर मागतील. तुमचाच नियम ना? आणि वही बघा."

त्यांनी वही बघितली. एकाही घरात तो प्रोग्राम वापरला गेला नव्हता. शिवाय जुनी यंत्रं त्याच्या ओझ्याने अडखळायची. त्यांनी एकदा छतावरचं हलतं ऊन बघितलं. मग म्हणाले, "सरि. बरोबर आहे तुमचें." आणि तो पानावरूनच काय, टोपलीतूनही गेला, कारण जुन्या यंत्रांत टोपलीही लहान ठेवावी लागायची. मी जिंकले होते. जिना उतरताना गुणगुणतही होते, असं आठवतं.

पुढच्या वर्षी जवळच्या साक्कोट्टै गावच्या मंगलम् टीचरना एक यंत्र गेलं. टीचर घरी गाणं शिकवायच्या, आणि न्यायला आला होता त्यांचा भाऊ. तो बसमध्ये कंडक्टर, त्यामुळे सदा घाईत. "बहिणीला लिहायला-वाचायला हवंय," एवढंच सांगून गेला. महिन्याने काका म्हणाले, "गाणारीच्या पानावर काय उरतें, पाहूं चला." मला उद्योग नव्हताच. दोघं बसने गेलो, काकांच्या हातात केळ्यांचा घड.

टीचर पन्नाशीच्या असतील. ओट्यावरच उभ्या होत्या. आम्हाला आत नेलं, ताकाचे पेले आणून नेमके हातात दिले. घर लख्ख होतं. कोपऱ्यात संगणक, त्यावर विणलेला रुमाल, आणि सुरू करायच्या बटणावर चिकटवलेली एक लाल टिकली. काकांना वाटलं, आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची. ते खूश झाले. टेबलावरून हात आडवा फिरवून त्यांनी यंत्र सुरू केलं. सुरू होताना पंगत एक सूर वाजवायची, अक्कांनी छेडलेल्या तंबोऱ्याचा. तो वाजला आणि टीचरनी मान किंचित कलती केली.

काकांनी दोन-चार गोष्टी उघडून बघितल्या. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. मला मराठीत म्हणाले, "पान कोरें आहे."

कुठल्याही घरी पाच-सहा गोष्टी खाल्लेल्या असत. इथे एकही नाही. लिहायचा प्रोग्रामसुद्धा उघडलेला नव्हता. काकांनी तमिळमध्ये विचारलं, काही आवडलं नाही का.

"आवडलं की," टीचर म्हणाल्या. "रोज सकाळी आंघोळ झाली की लावते. तो पहिला सूर फार छान आहे, षड्ज अगदी बरोबर लागतो. मग ते गप्प होतं. मी थोडा वेळ समोर बसते. मला वाटलं, त्याला माझ्याशी काही बोलायचं नसेल."

त्या हे आमच्याकडे तोंड करून बोलत होत्या, पण आमच्याकडे बघत नव्हत्या. ती टिकली बोटाला लागावी म्हणून होती. शेजारच्या बाईकडून लावून घेतली होती.

माझ्या हातातला ताकाचा पेला मला खाली ठेवता येईना. काका अगदी हळू म्हणाले, "अम्मा, मग मागितलं का नाही? निरोप पाठवायचा होता."

टीचर हसल्या. "काय मागायचं ते ठाऊक असायला हवं ना? त्यात काय काय असतं ते मला कसं कळणार? आणि एवढं मोठं यंत्र तुम्ही दिलंत. आणखी काय मागू?"

त्यांचा स्वर साधा होता, तक्रारीचा अजिबात नव्हता. तक्रार केली असती तर मला सोपं गेलं असतं.

काका उठले. मला म्हणाले, "तुम्ही येथेंच बसा. मी आलों." पुढच्या बसने ते गावात गेले आणि तासा-दीड तासाने पेनड्राइव्ह घेऊन परत आले, घामाने भिजलेले. तोवर टीचर मला एक वर्णम्, म्हणजे त्यांच्याकडची एक चीज, शिकवायचा प्रयत्न करत होत्या आणि मी दोघींना लाज आणत होते. काकांनी तो प्रोग्राम यंत्रात घातला, आवाज तमिळ केला आणि टीचरचा हात धरून एका कळेवर ठेवला. तो सपाट आवाज बोलला, "वही. रिकामी आहे."

टीचर आवाजाकडे कान करून पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा बोलला. त्या खळखळून हसल्या. "अय्यो, किती बेसूर आहे हा. याला शिकवणी लावावी लागेल." हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. कालवा, केळीच्या बागा, उतरतं ऊन, सगळं खिडकीतून मागे सरत होतं. मी म्हटलं, "काका, माझं चुकलं. मीच काढायला लावला." मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पानावर पहिलें काय वाढतात, बाई?"

"मीठ."

"कां?"

मला माहीत नव्हतं. म्हटलं, पद्धत आहे.

"आई सांगायची, मीठ कोणास मागावें लागूं नये. मागितलें म्हणजे रांधणारणीचें उणें काढलें, म्हणून पाहुणा मागत नाहीं. अळणी गिळतो आणि बरें झालें म्हणून उठतो." मग म्हणाले, "मी अवघ्यांची पानें पाहत हिंडलों. जे जेवलेच नाहींत, त्यांचीं पानें मज दिसलीं नाहींत."

त्या आठवड्यात भिंतीवरच्या कागदावर पानाच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी टोकाला, त्यांनी मिठाची जागा आखली. इतकी वर्षं ती जागा रिकामी होती, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. तिथे तो वाचणारा प्रोग्राम गेला. शिवाय एक नवी गोष्ट झाली. यंत्र सुरू झालं, तंबोरा वाजला, की यंत्राने स्वतःहून विचारायचं. आधी तमिळमध्ये, मग मराठीत. त्यासाठी त्यांनी स्वतःचाच आवाज भरला. खालच्या हातोड्या थांबाव्यात म्हणून दुकानदाराला दहा मिनिटं कॉफी प्यायला पाठवलं होतं. "वाचून दाखवूं कां? हवें असेल तर मोठी कळ दाबा. नको असेल तर मी उगा राहतों." उगा राहतों म्हणजे गप्प बसतो. मी म्हटलं, हे आता आमच्याकडे कुणी असं म्हणत नाही. ते म्हणाले, "म्हणत नसले तरी कळतें ना?"

लोक वैतागले. समयांच्या दुकानदाराने जिना चढून येऊन सांगितलं की रोज सकाळी दुकानात रायर बोलतात, गिऱ्हाईक दचकतं. काका म्हणाले, "मीठ आहे तें. नको तर बाजूस सारा. पानावर राहूं द्या." याबाबतीत त्यांनी टिपणांची वही उघडलीच नाही. पानं बघायची ती जुनी सवय त्यांनी सोडली नाही, पण प्रश्न बदलला. ज्या ज्या घरी पूर्वी यंत्र दिलं होतं तिथे ते पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा जायला लागले. पापनाशम्, तिरुवलंचुळी, जिथे बस जाईल तिथे. दारात उभे राहून विचारायचे, "या घरात कुणी न मागणारं आहे का?" लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला उन्हाचं काही झालंय. पण मग कुणीतरी आठवून म्हणायचं, आत आजोबा आहेत, मोतीबिंदू आहे, ते नाही हो वापरत. काका आत जायचे. मी काही वेळा बरोबर असे. एका घरात अक्षरओळख नसलेली सून निघाली. ती सासऱ्यांमागे उभी राहून ऐकत होती, आणि काका दोनदा मुद्दाम तिच्या बाजूला वळून बोलले, हे मी पाहिलं.

आमची बदली झाली. निघण्याआधी अक्कांनी जेवायला बोलावलं. डाव्या कोपऱ्यात मीठ होतं. मी पान नीट आपल्याकडे मिटलं आणि अक्कांनी ते बघितलं. काकांनी माझ्या लॅपटॉपवर पंगत नव्याने घालून दिली. "टपाल ठेविलें आहे," म्हणाले.

सांगलीला आल्यावर रोज सकाळी लॅपटॉप उघडला की तंबोरा वाजायचा आणि काका विचारायचे, वाचून दाखवूं कां. मी मोठी कळ कधीच दाबली नाही. मला दिसत होतं, घाई असायची, आणि दोन क्षणांनी ते आपले आपण गप्प बसायचे. शुक्रवारी फोन व्हायचे, मग महिन्यातून एकदा, मग सणाला. तुम्हाला ठाऊक आहे हे कसं होत जातं.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी टपाल उघडलं तर एक पत्र होतं. मंगलम् टीचरचं. पत्र तमिळमध्ये. चार वर्षांत मी तमिळ बोलायला शिकले होते, भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं तरी, पण लिपी मात्र शिकले नव्हते. आळस, दुसरं काय. पडद्यावर त्या गोल गोल अक्षरांच्या ओळी होत्या आणि त्यातलं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं. मी थोडा वेळ तशीच समोर बसले.

मग लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. तंबोरा वाजला. काका म्हणाले, "वाचून दाखवूं कां?" मी मोठी कळ दाबली.

तो सपाट आवाज टीचरचं पत्र वाचू लागला. टीचर बोलतात तसंच लिहितात, म्हणून मला समजलं. टीचरनी लिहिलं होतं: रायर मंगळवारी गेले. दुपारी, खुर्चीत, निजल्यासारखे. त्या आधीच्या शुक्रवारी ते माझ्याकडे पान बघायला आले होते, आणि आता काही उरत नाही हो, असं म्हणून गेले. ही बातमी कळवण्यासाठी हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, कुणाची मदत घेतलेली नाही. इथवर आवाजाने सगळं एकाच सुरात वाचलं, जिथे थांबायला हवं तिथेही न थांबता. पुढे असं होतं: अक्कांना घरात त्यांचा आवाज ऐकवत नाही. त्या म्हणतात, काढून टाका आणि दुसऱ्या कुणाचा घाला. मी म्हणते, राहू दे. आमचं ठरत नाही. अक्का म्हणाल्या, सांगलीच्या बाईंना विचार. एकदा काढायचं त्यांनीच सांगितलं होतं, आता काय ते त्याच सांगतील.

मी रडले. सासूबाई आतून म्हणाल्या, कोण आलंय गं. मी म्हटलं, कुंभकोणमचे काका.

अक्कांना मराठीत एकच ओळ लिहिली. त्यांना देवनागरी वाचता येत नाही, पण त्यांच्या घरी तोच सपाट आवाज ती वाचून दाखवेल. "मीठ आहे, अक्का. पानावर असूं द्यावें." पाठवलं, आणि लॅपटॉप मिटायला हात लावला. पान पलीकडे मिटायचा दिवस होता. पण लॅपटॉपचं झाकण पलीकडे मिटत नाही. ते आपल्याकडेच मिटतं.